मतदारसंघांचा प्रस्तावित नकाशा कसा वाचावा: विद्यमान प्रतिनिधी आणि अल्पसंख्याकांचे बळ

आपला प्रश्न दोन भागांत आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याने प्रतिनिधीगृहाच्या मतदारसंघांचा नवा नकाशा मांडला, तर विद्यमान प्रतिनिधीची जागा शाबूत राहते की जाते हे त्यावरून कसे ओळखायचे. आणि त्याच नकाशामुळे कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा आशियाई मतदारांचे बळ वाढते की घटते हे कसे ताडून पाहायचे. आपण टेक्सासमधील फोर्ट बेंड काउंटीत राहता असे लिहिले आहे, म्हणून शक्य तेथे उदाहरणे टेक्सासची घेतो. बरीच वर्षे अशा नकाशांची आकडेमोड तपासणे हेच माझे काम आहे, आणि त्या अनुभवावरून आधीच सांगतो की हे दोन प्रश्न वेगळे काढले तर दोन्हींची उत्तरे चुकतात. एखाद्या प्रतिनिधीची डळमळीत जागा पक्की करायची तर तेथून त्याला नको असलेले मतदार हलवावे लागतात, आणि हे नको असलेले मतदार बहुतेक वेळा अल्पसंख्याक असतात. उलट, अल्पसंख्याक समाजाचा एखादा प्रतिनिधी वर्षानुवर्षे प्रचंड मताधिक्याने निवडून येत असेल, तर शेजारच्या मतदारसंघातली त्या समाजाची ताकद काढून त्याच्याच मतदारसंघात ओतली गेली आहे का, हेही पाहावे लागते.

भारतातील परिसीमनाची सवय असलेल्या वाचकाने दोन फरक लक्षात ठेवावेत. आपल्याकडे परिसीमन आयोग रेषा आखतो आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा नकाशातच ठरतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत रेषा आखणारे विधिमंडळच असते, म्हणजे व्यवहारात सत्ताधारी पक्ष, आणि राखीव जागा मुळीच नाहीत. ४३५ जागा दर जनगणनेनंतर राज्यांत वाटल्या जातात, २०२० च्या जनगणनेनुसार एका मतदारसंघाची सरासरी लोकसंख्या सुमारे ७,६१,००० भरते, आणि १९६४ च्या वेसबेरी विरुद्ध सँडर्स या निकालापासून एका राज्यातील मतदारसंघ लोकसंख्येने जवळजवळ तंतोतंत समान ठेवावे लागतात. राखीव जागांच्या अभावी अल्पसंख्याकांचा आधार राहिला तो १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा. त्यातील कलम २ वंशामुळे मतदारांचे बळ घटवणाऱ्या रचनांविरुद्ध आहे. १९८२ मध्ये सुधारलेल्या या कलमाखाली गेली चार दशके जे खटले लढले गेले, त्यांची चौकट १९८६ च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स या निकालाने घालून दिली: समाज संख्येने पुरेसा मोठा आणि एकवट वस्तीचा असावा, तो एकजुटीने मतदान करत असावा, आणि बहुसंख्याक गट त्याच्या पसंतीच्या उमेदवाराला सहसा पाडत असावा.

आता विद्यमान प्रतिनिधीकडे वळू. नवा नकाशा आला की वर्तमानपत्रे प्रथम त्याचे घर कोणत्या मतदारसंघात गेले ते छापतात, पण घराला तितके महत्त्व नाही. राज्यघटनेनुसार उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असला की पुरते; मतदारसंघाचा रहिवासी असण्याची अट नाही. महत्त्वाचा आकडा हा, की नव्या मतदारसंघातील किती टक्के लोक त्याच्या जुन्या मतदारसंघातून आले आहेत. नाव ओळखणारे, कधीतरी त्याच्या कार्यालयाने काम करून दिलेले, प्राथमिक निवडणुकीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) उठून मत द्यायला जाणारे मतदार हीच त्याची खरी शिदोरी असते. ती निम्म्याहून कमी उरली, तर पक्षाच्या दृष्टीने सुरक्षित जागेवरही त्याला स्वपक्षीय प्रतिस्पर्ध्याची धास्ती असते. त्याहून वाईट म्हणजे दोन विद्यमान प्रतिनिधी एकाच मतदारसंघात येणे. अलाबामात २०२४ मध्ये नेमके तेच झाले. न्यायालयाच्या देखरेखीखाली आखलेल्या नकाशात जेरी कार्ल आणि बॅरी मूर हे दोन रिपब्लिकन प्रतिनिधी पहिल्या मतदारसंघात समोरासमोर आले आणि प्राथमिक निवडणुकीत मूर यांनी कार्ल यांना हरवले.

न्यायालये विद्यमान प्रतिनिधींच्या बाबतीत बरीच उदार आहेत. १९८३ च्या कार्चर विरुद्ध डॅगेट या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या वैध उद्दिष्टांची उदाहरणे देताना विद्यमान सदस्यांना एकमेकांविरुद्ध उभे राहावे लागू नये हेही एक उद्दिष्ट सांगितले होते. त्यामुळे नकाशाचे समर्थन करणारे वकील ‘विद्यमान सदस्यांचे संरक्षण’ हे शब्द ढालीसारखे पुढे करतात. ही ढाल कोठवर चालते, हे समजण्यासाठी टेक्सासच्या २३ व्या मतदारसंघाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही, म्हणून त्यावर थोडा वेळ देतो.

सान अँटोनियोपासून मेक्सिकोच्या सीमेलगत पश्चिमेकडे पसरलेल्या या मतदारसंघाचे प्रतिनिधी होते हेन्री बोनिया. ते स्वतः लॅटिनो, पण रिपब्लिकन. आणि मतदारसंघातील लॅटिनो मतदार दर निवडणुकीत त्यांच्यापासून दूर जात होते. २००२ मध्ये त्यांना लॅटिनो मतांपैकी केवळ ८ टक्के मिळाली आणि ते जेमतेम तरले. पुढच्याच वर्षी, जनगणनेला दशकही उलटले नसताना, टेक्सासच्या विधिमंडळाने प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन नेते टॉम डीले यांच्या पुढाकाराने नवा नकाशा आणला. त्यात लारेडो शहर ज्या वेब काउंटीत आहे ती मधोमध कापून सुमारे एक लाख लोक २३ व्या मतदारसंघाबाहेर काढले गेले आणि त्यांच्या जागी सान अँटोनियोच्या उत्तरेकडील गोऱ्या, रिपब्लिकन वस्तीचे लोक आणले गेले. पात्र नागरिकांमधील लॅटिनोंचा वाटा ५७.५ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आला. खरी मेख पुढे आहे: प्रौढ लोकसंख्येत, म्हणजे नागरिक नसलेलेही धरून, लॅटिनो ५० टक्क्यांच्या किंचित वरच ठेवले गेले. कागदावर हा लॅटिनो बहुमताचाच मतदारसंघ होता. मतपेटीत तो तसा राहिला नव्हता.

२००६ मध्ये लुलाक (लॅटिनोंची एक संघटना) विरुद्ध पेरी (टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रचना कलम २ चा भंग ठरवली. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालपत्राचा गाभा असा, की लॅटिनो मतदार ज्या संधीचा उपयोग करण्याच्या बेतात होते तीच राज्याने काढून घेतली; आणि प्रतिनिधीला ज्या मतदारांची भीती वाटते त्यांनाच बाहेर काढणे हे विद्यमान सदस्याच्या संरक्षणाच्या नावाखाली खपवता येणार नाही. मतदारसंघ पुन्हा आखला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या फेरनिवडणुकीत सिरो रॉड्रिगेझ यांनी बोनिया यांचा पराभव केला. प्रतिनिधी लॅटिनो असणे आणि लॅटिनो मतदारांना आपल्या पसंतीचा प्रतिनिधी निवडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याच्या भाषेत इतके लखलखीत क्वचितच मांडले गेले असेल.

म्हणून प्रस्तावित नकाशासोबत टक्केवारी दिली असेल तर ती कशाची आहे हे आधी विचारावे. एकूण लोकसंख्येची, प्रौढांची, की मतदानास पात्र प्रौढ नागरिकांची? मतदारसंघ समान करण्यासाठी एकूण लोकसंख्या मोजतात. त्यात व्हिसावर आलेले, ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेले आणि त्यांची मुले सगळे येतात. आपल्या ओळखीच्या कितीतरी मराठी कुटुंबांची गणना मतदारसंघात होते, पण घरात एकही मतदार नसतो. आशियाई आणि लॅटिनो वस्त्यांत हे अंतर मोठे असते, कृष्णवर्णीय वस्त्यांत बरेच कमी. नंतरची पायरी म्हणजे मागील चार-सहा निवडणुकांचे मतदान केंद्रनिहाय निकाल नव्या सीमांत मांडून, त्या समाजाच्या पसंतीचा उमेदवार तेथे किती वेळा जिंकला असता हे पाहणे. माझ्या मते निर्णायक कसोटी हीच आहे. अलाबामात कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे २७ टक्के असून सातपैकी एकाच मतदारसंघात त्यांचे बहुमत होते. २०२३ च्या ॲलन विरुद्ध मिलिगन निकालानंतर जो दुसरा मतदारसंघ तयार झाला त्यात कृष्णवर्णीय प्रौढ निम्म्याहून थोडे कमीच आहेत, तरीही तेथे कृष्णवर्णीयांची पसंती जिंकू शकते असे आकडेमोडीने दाखवले होते, आणि २०२४ मध्ये शोमारी फिगर्स तेथून निवडून आले. पन्नास टक्के हा आकडा आश्वासक वाटतो, पण तो ओलांडला म्हणून संधी मिळतेच असे नाही, आणि तो गाठला नाही म्हणून ती हुकतेच असेही नाही.

आपल्या फोर्ट बेंड काउंटीचा अनुभव याच जातीचा आहे. २२ व्या मतदारसंघात २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार श्री प्रेस्टन कुलकर्णी यांनी विद्यमान रिपब्लिकन प्रतिनिधी पीट ओल्सन यांना चांगलाच घाम फोडला होता. अंतर सुमारे ५ टक्क्यांचे राहिले. २०२० मध्ये ओल्सन निवृत्त झाले, त्यांच्याच पक्षाचे ट्रॉय नेल्स उभे राहिले आणि कुलकर्णी पुन्हा हरले, पण जागा अटीतटीची मानली जात होती. मग २०२१ चा नकाशा आला. फोर्ट बेंडमधील आशियाई वस्त्या निरनिराळ्या मतदारसंघांत विभागल्या गेल्या, २२ वा मतदारसंघ ग्रामीण भागाकडे ओढला गेला, आणि २०२२ मध्ये नेल्स यांना साठ टक्क्यांहून अधिक मते पडली. आशियाई मतदारांचे कोठेच बहुमत नव्हते, त्यामुळे जिंगल्सच्या पहिल्याच अटीवर त्यांची बाजू लंगडी पडत होती. असे समाज सर्वांत सहज फोडता येतात, कारण त्यांना फोडल्याची दाद मागायला कायद्यात हक्काची जागा नसते.

बचावाचा नकाशा आणि चढाईचा नकाशा यांतला फरकही ओळखता आला पाहिजे. टेक्सासचा २०२१ चा नकाशा मुख्यतः बचावाचा होता: २०१० ते २०२० या दशकातील लोकसंख्यावाढीपैकी सुमारे ९५ टक्के वाढ गोऱ्यांव्यतिरिक्त इतर समाजांची असूनही आणि त्या वाढीमुळे राज्याला दोन जागा अधिक मिळूनही, नव्या दोन्ही जागांत गोऱ्या मतदारांचेच प्राबल्य ठेवून रिपब्लिकन प्रतिनिधींच्या जागा भक्कम केल्या गेल्या. ऑगस्ट २०२५ चा नकाशा चढाईचा आहे. त्याचे उघड उद्दिष्ट आणखी पाच जागा मिळवणे हे होते. चढाईत सत्ताधारी पक्षाच्या प्रतिनिधींनाही किंमत मोजावी लागते, कारण त्यांच्याकडचे फाजील मताधिक्य शेजारी वाटले जाते आणि वाऱ्याची दिशा बदलली तर एकाच रात्री अनेक जागा धोक्यात येऊ शकतात. पण पहिला घाव विरोधी पक्षावर बसतो, आणि टेक्साससारख्या राज्यात तो प्रामुख्याने अल्पसंख्याक मतदारांच्या प्रतिनिधींवर बसतो. ह्यूस्टनचे ॲल ग्रीन यांचा नववा मतदारसंघ जवळजवळ पूर्णपणे दुसरीकडे हलवला गेला. त्यांचे घर आणि जुन्या मतदारांचा मोठा भाग १८ व्या मतदारसंघात गेल्याने त्यांनी तेथून लढायचे ठरवले. ऑस्टिनमध्ये लॉइड डॉगेट आणि ग्रेग कसार यांच्यासाठी मिळून एकच जागा उरली आणि डॉगेट यांनी निवृत्ती पत्करली. याच डॉगेट यांनी डीले यांच्या नकाशानंतर २००४ मध्ये ऑस्टिनपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत ताणलेल्या मतदारसंघातून लढून जागा राखली होती. तेव्हा मार्टिन फ्रॉस्ट आणि चार्ल्स स्टेनहोम यांच्यासारखे त्यांचे जुने सहकारी पडले होते.

या नकाशात काही मतदारसंघ कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो बहुमताच्या अगदी जेमतेम वर ठेवलेले दिसतात. वर बोनिया यांच्या मतदारसंघाची जी गोष्ट सांगितली ती वाचल्यावर अशा आकड्यांकडे संशयाने पाहण्याची सवय लागते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने टेक्सासला पत्र पाठवून नववा, १८ वा, २९ वा आणि ३३ वा हे चार मतदारसंघ वंशाधारित असल्याचा आक्षेप घेतला होता. त्यांपैकी काहींत निरनिराळे अल्पसंख्याक समाज मिळून बहुमतात होते, आणि अशा आघाडीला कलम २ चे संरक्षण नाही असे पाचव्या सर्किट न्यायालयाने (टेक्सासवर अधिकार असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने) २०२४ मध्ये ठरवले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये एल पासोच्या त्रिसदस्यीय केंद्रीय न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने नवा नकाशा वंशाच्या आधारे आखला गेल्याचे कारण देऊन अडवला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित करून २०२६ साठी नकाशा वापरण्याची मोकळीक दिली.

‘वंशासाठी नव्हे, पक्षासाठी रेषा आखल्या’ हा आज राज्यांचा ठरलेला बचाव आहे, आणि तो का चालतो हे समजून घ्यायला हवे. २०१९ च्या रूचो विरुद्ध कॉमन कॉज निकालाने पक्षीय हेतूने आखलेल्या नकाशांत केंद्रीय न्यायालये हस्तक्षेप करणार नाहीत असे ठरवले. दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदार मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक असल्याने पक्षीय हेतू कोणता आणि वांशिक कोणता हे सोडवणे अवघड जाते. दक्षिण कॅरोलिनात रिपब्लिकन नॅन्सी मेस २०२० मध्ये सुमारे एका टक्क्याने जिंकल्या होत्या. नंतरच्या नकाशात चार्ल्सटन काउंटीतील सुमारे ३०,००० कृष्णवर्णीय त्यांच्या मतदारसंघातून काढून डेमोक्रॅट जिम क्लायबर्न यांच्या सहाव्या मतदारसंघात टाकले गेले, आणि २०२२ मध्ये मेस यांचे मताधिक्य सुमारे १४ टक्क्यांवर गेले. खालच्या न्यायालयाने याला वांशिक विभागणी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ते अमान्य केले आणि पक्ष व वंश यांची फारकत पुराव्याने दाखवण्याचा भार तक्रारदारांवर टाकला. या फेरबदलाने मेस आणि क्लायबर्न या दोघांच्याही जागा सुरक्षित राहिल्या. तोटा चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीय मतदारांचा झाला, ज्यांचे मत अटीतटीच्या जागेतून निघून आधीच जिंकलेल्या जागेत गेले.

हे कोडे १९९० च्या दशकापासूनचे आहे. १९९२ मध्ये कृष्णवर्णीय बहुमताचे नवे मतदारसंघ आखले गेल्यामुळे अलाबामा, फ्लोरिडा, उत्तर कॅरोलिना, दक्षिण कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांतून विसाव्या शतकात प्रथमच कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले, आणि हा लाभ कमी लेखणे अन्यायाचे होईल. त्याच वेळी आसपासचे मतदारसंघ अधिक गोरे आणि अधिक रिपब्लिकन झाले. उत्तर कॅरोलिनाचा महामार्गालगत लांबच लांब ताणलेला बारावा मतदारसंघ वंशाच्या आधारे आखलेल्या मतदारसंघांना आव्हान देता येते असे ठरवणाऱ्या १९९३ च्या शॉ विरुद्ध रीनो खटल्याचे कारण ठरला. आकाराची थट्टा करण्यात वर्तमानपत्रांना आजही गोडी वाटते; पण सुबक आकाराचा मतदारसंघही शहराचे तितक्याच सफाईने तुकडे करू शकतो, त्यामुळे मी आकार सर्वांत शेवटी पाहतो.

लुइझियानाने याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवली. सहा जागा, सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय लोकसंख्या, आणि त्यांच्या बहुमताची एकच जागा. खालच्या न्यायालयाच्या आदेशांमुळे जानेवारी २०२४ मध्ये विधिमंडळाला दुसरी जागा आखावी लागली, म्हणजे एका रिपब्लिकन प्रतिनिधीचा बळी देणे आले. सभापती माइक जॉन्सन, स्टीव्ह स्कॅलिस आणि जुलिया लेटलो यांच्या जागा राखून गॅरेट ग्रेव्हज यांची जागा सोडली गेली. त्यांनी गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत विजयी ठरलेल्या जेफ लँड्री यांच्या प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला होता, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. बॅटन रूजपासून श्रीव्हपोर्टपर्यंत तिरक्या गेलेल्या या सहाव्या मतदारसंघातून क्लिओ फील्ड्स निवडून आले. ज्यांच्या जागा वाचवायच्या त्यांना वगळून उरलेल्या जागेतून रेषा काढायची असल्यामुळेच हा आकार इतका लांबला. पुढे लुइझियाना विरुद्ध कॅले या खटल्यात त्याच मतदारसंघावर वंशाधारित असल्याचा आक्षेप आला, आणि ऑक्टोबर २०२५ मधील फेरयुक्तिवादात प्रश्न थेट हाच होता, की असा दुसरा बहुमताचा मतदारसंघ हेतुपुरस्सर आखणे राज्यघटनेच्या चौदाव्या (कायद्याचे समान संरक्षण) व पंधराव्या (वंशावरून मतहक्क नाकारण्यास मनाई) दुरुस्तीशी सुसंगत आहे का.

विद्यमान प्रतिनिधींचा विचारच करायचा नाही, असे ठरवले तर प्रश्न सुटतो का? मिशिगनने २०१८ मध्ये तशी घटनादुरुस्ती केली: नागरिकांचा स्वतंत्र आयोग, आणि कोणत्याही विद्यमान पदाधिकाऱ्याला झुकते माप देण्यास वा डावलण्यास मनाई. आयोगाने डेट्रॉइटला उपनगरांशी जोडले आणि कृष्णवर्णीय बहुमताच्या जुन्या दोन्ही जागांत तो वाटा निम्म्याखाली आणला. २०२२ मध्ये १३ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीला नऊ उमेदवार होते, त्यांपैकी बरेच कृष्णवर्णीय. मते फुटली आणि चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. मराठी माणसांना आनंद झाला, आणि तो स्वाभाविक होता. डेट्रॉइटला मात्र जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. सर्वसाधारण निवडणुकीत ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाची असणे निश्चित होते. खरा निकाल प्राथमिक फेरीत लागला, जेथे बाद फेरी, म्हणजे कोणालाच बहुमत न मिळाल्यास पहिल्या दोघांत होणारी दुसरी लढत, नसल्याने विखुरलेले बहुमत हरते. राज्य विधिमंडळाच्या नकाशात त्याच आयोगाने डेट्रॉइट भागात आखलेले १३ मतदारसंघ डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने वंशाधारित म्हणून रद्द केले. तेव्हा प्राथमिक निवडणुकीत बाद फेरी आहे का, मतदार कोण, किती उमेदवार संभवतात, हेही नकाशाच्या अभ्यासात धरावे लागते. टेक्सासमध्ये बाद फेरी आहे, त्यामुळे तेथे हा धोका थोडा कमी.

शेवटी वेळेबद्दल. अलाबामाचा नकाशा जानेवारी २०२२ मध्ये खालच्या न्यायालयाने बेकायदा ठरवला होता. निवडणूक जवळ आल्यामुळे फेब्रुवारीत त्या आदेशाला स्थगिती मिळाली, २०२२ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली, आणि नकाशा खरोखरच चुकीचा होता यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब जून २०२३ मध्ये झाले. प्रतिनिधीची मुदत दोनच वर्षांची असल्यामुळे एवढ्या विलंबात एक पूर्ण कार्यकाळ पार पडतो. म्हणून आपल्या भागाविषयी काही सांगायचे असेल तर ते विधिमंडळाच्या समितीपुढील सुनावणीतच, लेखी आणि केंद्रनिहाय आकड्यांसह मांडावे: कोणती वस्ती कोणत्या शाळा, मंदिरे, बाजारपेठा आणि पाणीपुरवठ्याने एकत्र बांधलेली आहे, आणि तिला कोणत्या रेषेने कापले. नंतर न्यायालयात हेतू सिद्ध करायची वेळ आली, तर विधिमंडळाला हे सांगितले गेले होते आणि तरीही रेषा तेथूनच काढली गेली, हे दाखवायला तीच नोंद लागते.